पिवळीची डावी बाजू

लाइट गेली तेव्हा ब्रश पिवळीच्या डाव्या बाजूच्या मध्यावर होता. मागच्या दारापासून निघालेला, पुढच्या दारापर्यंत जायचा होता, आणि एकदम सगळं थांबलं. टेबलावरचा दिवा, डोक्यावरचा पंखा, शेजारच्यांचा टीव्ही, जिन्यातली लिफ्टची घरघर. हात तेवढा थांबला नाही. हाताला बातमी उशिरा पोचते. तो होता त्याच वेगानं पुढे सरकत गेला, पुढच्या दाराच्या कडेला टेकला आणि उचलला गेला. मग मी ब्रश हवेत धरून बसून राहिले. दुपार होती, खिडकीत उजेड होता, अंधार असा नव्हताच. पण माझा टेबलावरचा दिवा इतका प्रखर की तो गेल्यावर भर दुपारही विझल्यासारखी वाटली. डोळ्यांपुढे त्याच दिव्याचा एक हिरवट डाग तरंगत होता. गाडीकडे बघितलं की डाग गाडीवर, हाताकडे बघितलं की हातावर. जे बघायचं नेमकं तेच झाकलेलं, आणि आजूबाजूचं, ज्याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं ते, अगदी स्वच्छ: पाण्याचा पेला, चिंधी, टेबलाची कड. आत्याला सारखं असंच दिसतं, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं, आणि घरी आल्यावर मी दुसरं चित्र काढून नवऱ्याला समजावलं होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि डाग डोळ्यांपुढे येऊन बसणं वेगळं. मी डोकं थोडं तिरपं केलं, गाडीच्या शेजारी, हवेतच कुठेतरी नजर लावली, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला गाडी दिसली. आत्या माणसांशी बोलताना मान अशीच तिरपी करते. समोरच्याला वाटतं, म्हातारी आपल्याला टाळतेय.

पिवळी म्हणजे आत्याची ट्राम. शहरात ट्राम होत्या तोवर आत्यानं तीच एक चालवली. मग रूळ उखडले, गाड्या भंगारात गेल्या, डेपोच्या जागी गाळे उभे राहिले. आता पिवळी वीतभर लांबीची होऊन माझ्या टेबलावर होती, प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून कापून, घासून, चिकटवून मी केलेली. आत्याला ती एकदा बघायची होती. फोटो होते घरात, पण फोटो तिला नको होते. "फोटोत गाडी आपल्याकडे तोंड करून उभी असते," ती म्हणायची. "तशी तर उतारूंनाही दिसायची. मला कडेनं बघायचीय." डेपोतून निघण्याआधी ती रोज सकाळी गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी जाऊन उभी राही, गाल जवळजवळ पत्र्याला टेकवी आणि एक डोळा मिटून बाजूच्या कडेनं पुढे बघे, सुतार फळी सरळ आहे का बघतो तसं. त्या तिरक्या नजरेत रात्रीतून आलेला एकेक पोचा दिसायचा, ओरखडा दिसायचा. समोरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसायचं नाही. आणि आता दुखण्यानं तिच्याजवळ ठेवली होती ती नेमकी तीच नजर. मधलं गेलं होतं, कडा राहिल्या होत्या. कडेच्या नजरेला रंग मात्र धड कळत नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, एकेक करून फिके होत जातील, कधी ते सांगता येत नाही. निळा आणि हिरवा आधीच एक झाले होते. पिवळा टिकून होता. म्हणून आत्या रोज सकाळी पिवळ्या कपातून चहा घेई आणि माझ्या नवऱ्याला विचारी, "जावईबापू, कप पिवळाच आहे ना?" नवरा म्हणे, "तुमच्या दातांइतका नाही, पण आहे." "माझे दात स्वतःचे आहेत," आत्या म्हणे, "तुमच्यासारखे सिमेंटनं भरलेले नाहीत." हे रोजचं. आज सकाळी मात्र चहा समोर ठेवल्यावर तिनं मान तिरपी करून विचारलं, "हा पांढरा कप कुणाचा?" नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. "माझा दे की पिवळा," ती म्हणाली. मी तोच कप उचलला, ओट्याशी नेला, नळ सोडल्यासारखं केलं आणि परत आणून ठेवला. तिनं तो डोळ्यांच्या कडेशी धरला, खूप वेळ धरला, खिडकीकडे वळवला. "हं," म्हणाली. आणि प्यायली. मी तडक टेबलाशी येऊन बसले होते.

पिवळा रंग फार नाठाळ. काळा एका हातात झाकतो, लाल दोन हातांत. पिवळ्याला अंगच नसतं. तो खालचं सगळं दाखवतो आणि वर ब्रशचा एकेक केस कुठून कुठे गेला त्याची रेघही दाखवतो. मी याआधी दोन पिवळ्या केल्या होत्या. पहिली आत्याच्या हातात दिली तेव्हा तिनं ती खिडकीशी नेली, कडेनं बघितली आणि लगेच खाली ठेवली. "नको. ठेव ती." दुसरीच्या वेळी तर तिनं गाडीवर आपला रुमाल टाकला. नवरा म्हणाला, "आत्याबाई, तिनं महिनाभर डोळे फोडलेत त्यावर," तेव्हा म्हणाली, "म्हणून तर झाकली. डोळे फोडून घेऊ नये, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?" हसली सगळी, मीही हसले, पण मला कळलं होतं. दोन्ही गाड्यांच्या बाजूंवर ब्रशच्या रेघा होत्या. समोरून दिसत नव्हत्या. तिरक्या उजेडात शेत नांगरल्यासारख्या उठून दिसत होत्या. मग मी हे काम मनावर घेतलं. मी औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. खोकल्याची औषधं किती दाट झाली ते भोकाच्या पेल्यातून गाळून बघणं, वेळ मोजणं, हा माझा धंदा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं, हे माझ्या हाडात आहे; आत्या मला लहानपणापासून मोजपट्टी म्हणते ते उगाच नाही. मी आधी रंगातलं पाणी बदललं. मग ब्रश बदलला, गोल होता तो चपटा केला. मग रंगाची बाटली बदलली. मग खाली पांढऱ्याऐवजी फिका गुलाबी हात दिला, कारण गुलाबीवर पिवळा लवकर भरतो. प्रत्येक बदल प्लास्टिकच्या चमच्यावर करून बघितला. चमच्यांनी खण भरला, मग दुसरा भरला. नवरा मित्रांना सांगे, आमच्याकडे श्रीखंड नाही, आइस्क्रीम नाही, फक्त चमचे आहेत. आणि प्रत्येक चमचा तिरका धरला की रेघा. कमी, जास्त, पण रेघा. मी घरी आल्यावर चांगलं दिसावं म्हणून नवऱ्याकडून आणखी प्रखर दिवा मागून घेतला, तो आणखी जवळ घेतला. रंग लवकर वाळावा, धूळ बसू नये, म्हणून पंखा मोठा ठेवला. दिसेल तितकं बघायचं, दिसली रेघ की तिच्यावरून परत ब्रश फिरवायचा. परत फिरवला की तिथे रंग ओढला जायचा, पापुद्रा फाटायचा, मग ते निस्तरायला आणखी एकदा. मला अर्ध्यावर सोडता येत नाही. झालेलं बोलणंसुद्धा मी आंघोळ करताना परत बोलते, दुरुस्त करून.

आणि आज मला परत जाताच आलं नव्हतं, कारण डाग. तो विरायला लागला तेव्हा मी गाडी हळूच फिरवली आणि खिडकीचा उजेड तिच्या बाजूवर तिरका घेतला. रेघा होत्या. ब्रशचा एकेक केस मोजता आला असता इतक्या होत्या. ओला रंग चमकत होता आणि त्यावर वाऱ्यानं पाणी विंचरल्यासारख्या बारीक धारा होत्या. मी ब्रश उचलला सुद्धा. मग लक्षात आलं की मघाशी त्या जास्त होत्या. मी ब्रश खाली ठेवला. दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि बसून राहिले. धारा बुजत होत्या. घाई न करता, कुणी बघत नसल्यासारख्या, एकमेकींत उतरत होत्या. उंचवटे खचत होते, खाचा भरत होत्या. पातळ द्रवाला आपला पृष्ठभाग ताणून सपाट करायची ओढ असते. हे मी शाळेत शिकले, कॉलेजात शिकले, परीक्षेत लिहून गुण मिळवले, रोज काचेच्या भांड्यात औषधाच्या सायीवर बघते. रंगालाही हे येतं. त्याला फक्त वेळ लागतो. आणि मी त्याला वेळच दिला नव्हता. डोक्यावर पंखा गरगरतोय, चेहऱ्याशी दिवा तापतोय. रेघ बुजायच्या आतच वर साय धरतेय, आणि मी त्या सायीवर परत ब्रश मारतेय. पाणी बदललं, ब्रश बदलला, बाटली बदलली. दिवा विझवून मात्र कधी बघितलं नाही. दिवा माझ्या हिशेबातच नव्हता. तो बघायचं साधन होता. साधन कशाला कोण तपासतंय! मी उठले, खुर्ची मागे न सरकवता उठले म्हणून गुडघा आपटला, तशीच लंगडत स्वयंपाकघरात गेले. नवरा मेणबत्ती शोधत होता.

"दिवा होता," मी म्हटलं.

"होता, आता गेलाय. पाच मिनिटांत येईल म्हणाले खालचे."

"येऊ नये. म्हणजे आला तरी लावायचा नाही. पंखापण नाही. रेघा दिव्यामुळे येत होत्या! मी दिवा लावत होते म्हणून!"

त्यानं मेणबत्तीचं खोकं खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "म्हणजे तो दिवा मी तुला वाढदिवसाला आणून दिला…"

"तोच. फार छान आहे. फेकून देऊ या."

"आणि दोन खणभर चमचे?"

"सगळे दिव्याखालचे."

तो हसायला लागला आणि मलाही हसू आवरेना, मी ओट्याला धरून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तेवढ्यात लाइट आली. सगळ्या इमारतीतून लोकांचा "हेऽऽ" असा ओरडा झाला. मी धावत जाऊन पंख्याचं बटण बंद केलं. दिव्याची पिनच काढली.

पुढची सगळी दुपार मी एका वेगळ्याच घाईत होते. डावी बाजू वाळायला नेहमीपेक्षा खूप वेळ लागला, आणि तो वेळ मी खोलीभर फिरत काढला, लांबून बघत, जवळ न जाता. वाळल्यावर तिच्यावरून पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर फिरवला, इतका हलका की कागद आपणच चालतोय असं वाटावं. मग उजवी बाजू. रंग दुधाइतका पातळ, ब्रश अर्धाच बुडवायचा, पेल्याच्या काठावर निथळायचा, मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत एकच ओढ, पुढची ओढ आधीचीच्या ओल्या कडेला चिकटून, आणि मग हात मांड्यांखाली. पहिले हात विद्रूपच दिसतात, गुलाबी खालून डोकावतो, अंगावर पित्त उठल्यासारखा. पूर्वी मी तिथेच घाबरायचे आणि दाट रंग चढवायचे. आज घाबरले नाही. पण आता दुसरीच शर्यत लागली होती. दिवा नाही म्हणजे खिडकीचा उजेड होता तोवरच. ऊन समोरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर चढलं होतं, तिथल्या वाळत घातलेल्या चादरी पिवळ्या दिसत होत्या, खऱ्या पिवळ्या, पिवळीसारख्या. मला सकाळचा कप आठवला. उद्या कप कुठल्या रंगाचा दिसेल? शेवटचा हात डाव्या बाजूवर आज बसला, रात्रभर वाळला, तर सकाळी आत्याच्या खिडकीत ऊन तिरकं येतं. तेवढं ऊन मला हवं होतं. त्या उन्हात अजून थोडा पिवळा उरला असेल.

डावी बाजू शेवटची का ठेवली ते मला माहीत आहे. त्या बाजूला दारं. मी शाळेत जायचे ती आत्याच्या मागे, चालकाच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहून. बसायला जागा असली तरी उभी, कारण ती माझी जागा होती. आई मी रांगत असतानाच गेली. घरात आम्ही तिघं: बाबा, त्याची धाकटी बहीण म्हणजे आत्या, आणि मी. आत्या आणि मी पहाटे डेपोत जायचो, आणि बाबा मागून, घड्याळाच्या दुकानासमोरच्या थांब्यावर चढायचा. चढायचा म्हणजे रोज उशिरा. लांबून पळत यायचा, शर्टाची एक बाही दुमडलेली, एक सुटलेली. आत्या त्याच्यासाठी थांबायची. थांबायचा नियम नव्हता, कंडक्टर घंटी मारायचा, उतारू चुळबुळ करायचे, कुणीतरी म्हणायचं, "ड्रायव्हरबाई, बंधुराज उठले की नाही अजून?" आणि आत्या आरशात बघत म्हणायची, "घाई काय आहे? थांबू जरा." घड्याळाच्या दुकानासमोर थांबून घाई काय आहे म्हणणारी बाई म्हणून ती त्या मार्गावर प्रसिद्ध होती. त्या दिवशीही ती थांबली. बाबा आला, मागच्या दाराच्या दांडीला धरून त्यानं पाय वर घेतला, गाडी हलली, आणि शेजारच्या गल्लीतून एक ट्रक उलटा, न बघता, मागे येत बाहेर आला. मला आवाज आठवतो तो पत्र्याचा, डबा पडल्यासारखा. त्या दिवसानंतर घरात आम्ही दोघीच. नंतर मोठी माणसं हिशेब करत बसायची, अर्धं मिनिट आधी निघाली असती तर काय, नंतर निघाली असती तर काय. आत्या त्यात कधी बोलली नाही. हिशेब मी केलाय, मोठेपणी, पुष्कळदा, आंघोळ करताना. ती थांबली नसती तर बाबाची गाडी चुकली असती, एवढंच झालं असतं. चौकशी झाली, आत्याचा दोष निघाला नाही. डेपोनं मागच्या दाराजवळचा पत्रा ठोकून सरळ केला, त्यावर घाईघाईनं ब्रशनं रंग मारला, आणि पिवळी परत रुळावर आली. दुसरी गाडी देतो म्हणाले होते. तिनं पिवळीच मागितली. तो चौकोन समोरून ओळखू यायचा नाही. पण आत्या सकाळी कडेनं बघायची तेव्हा मी तिच्याजवळ उभी असायचे, आणि माझं बोट आपोआप त्या चौकोनावर जायचं. तिथे रेघा होत्या. नखाला लागायच्या, वहीच्या पानासारख्या.

चादरी काढून नेल्या कुणीतरी. ऊन चौथ्या मजल्यावरून गच्चीवर गेलं होतं. मी शेवटचा हात सुरू केला. मागचं दार, मागच्या दाराजवळची जागा, मधल्या खिडक्यांखालची लांब पट्टी. ब्रश कुठेही अडखळला नाही. पुढच्या दाराशी येऊन उचलला, आणि उचलता उचलता मला दिसलं की मागच्या दाराशी, अगदी तिथेच, एक बारीक केस पडलाय. ब्रशचा की माझा, कोण जाणे. पापणीएवढा. वर उजेड इतका कमी की तो आहे की डोळ्यांचा खेळ तेही कळेना. चिमटा माझ्या हातात आला होता. तो ओढला तर निघेल, आणि त्याच्याबरोबर रेघ येईल. ती बुजेल की नाही, साय धरली की नाही अजून? पंखा नव्हता, उकडत होतं, ओठांवर घाम आला होता. एकदाच परत गेले तर? एकदाच. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती, परत, परत. मी सगळ्या अंगानं त्या केसाकडे वाकले होते आणि मागे भिंतीवरून हात घासत येणारा आवाज झाला.

"वास येतोय," आत्या दारातून म्हणाली. "रंगवतेयस."

"हो."

"दिवा नाही लावलास. दिव्याची घूं घूं नाही."

"नाही लावला."

"अंधारात रंगवतेयस?" ती चाचपडत येऊन पलंगाच्या कडेवर टेकली. "मग झालीस तू माझ्यासारखी. ये, बस. दोघी मिळून काहीच न बघता बसू." मी चिमटा हातात धरून होते. "जावईबापू म्हणाले, तुला आज काहीतरी सापडलंय. ओट्याला धरून हसत होतीस म्हणे. मी म्हटलं, ती कॉलेजात पास झाली तेव्हासुद्धा हसली नव्हती, निकालपत्रातली छपाईची चूक दाखवत बसली होती."

"आत्या, एक केस पडलाय त्यावर."

"कुठे?"

मी सांगितलं नाही. "बाजूला."

"माझा असेल," ती म्हणाली. "पांढरा आहे?"

"दिसत नाही आता."

"मग कशाला बघतेस?"

मी चिमटा टेबलावर ठेवला. तिच्या शेजारी जाऊन बसले. खोलीतलं सगळं करडं झालं होतं, गाडी, चमचे, तिचे हात. ती नेहमीसारखं काहीबाही बोलत राहिली, खालची मुलगी नवा ढोल वाजवायला शिकतेय आणि ते कानांना कसं पोचतंय, डॉक्टरचा आवाज तरुण आहे पण बूट म्हाताऱ्याचे आहेत. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. त्या करड्या अंधारात रंग आपल्या आपण पसरत होता, केसाच्या दोन्ही बाजूंनी, माझ्याशिवाय. मला वाटत होतं, तो मला ऐकू येतोय. इतका आनंद मला कशाचा होत होता ते सांगता आलं नसतं. भीतीही होती, पण ती आनंदाच्या पोटातच होती, वेगळी काढता येत नव्हती.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले. केस होता, वाळला होता, खरोखरच पांढरा होता. बोटाच्या टोकानं नुसता हलवला तर कोरडा निघून आला, आणि खाली काही नव्हतं. मी गाडी खिडकीकडे तिरकी धरली. खिडकीच्या चौकटीची सावली आणि तिच्या शेजारची उजेडाची कड पिवळीच्या बाजूवर पडली होती, मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत, दोऱ्यासारखी सरळ. कुठे फाटली नाही, कुठे लुकलुकली नाही. मी ती परत परत तिरकी करून बघितली.

आत्या खिडकीशी खुर्चीत बसली होती. ऊन नुकतं तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. चहाचा कप हातात, अजून भरलेला. नवरा दाराशी उभा होता, ऑफिसचे कपडे घालून, आणि आज त्यानं कपाबद्दल काही म्हटलं नव्हतं, तिनंही विचारलं नव्हतं. मी गाडी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, डावी बाजू तिच्याकडे करून. "आत्या, पिवळी."

तिनं कप नवऱ्याच्या हातात दिला. खुर्ची पुढे ओढली, दोन्ही हात कट्ट्यावर ठेवले, आणि वाकली. गाल जवळजवळ कट्ट्याला टेकवला, मागच्या कोपऱ्याशी. एक डोळा मिटला. मग मान थोडी तिरपी केली, नजर गाडीवर नाही, गाडीच्या पलीकडे लावली, जिथे काही नव्हतं. मला तिच्या मानेची शीर दिसत होती. तिचं बोट वर आलं आणि मागच्या दाराजवळ पत्र्यावर टेकलं, नेमकं तिथे. नखानं तिनं ती जागा शोधली. पुढे नेलं, मागे आणलं, परत पुढे नेलं. तिथे काही नव्हतं. तेव्हा मला कळलं, आधीच्या दोन गाड्यांवर तिनं काय बघितलं होतं आणि रुमाल कशावर टाकला होता. मी दोन्ही वेळा तिला सगळी बाजू त्या चौकोनाची करून दिली होती.

"रंग दिसतोय?" नवऱ्यानं हळूच विचारलं.

आत्याचा गाल उन्हात होता आणि पिवळीच्या बाजूवरून परतलेला उजेड त्यावर पडला होता, फिका, थरथरता.

"ही सकाळची आहे," ती म्हणाली. बोट तिथेच होतं. "अजून दादा चढायचाय."

नवऱ्यानं घड्याळाकडे बघितलं आणि मग बघणं सोडून दिलं. माझी बस निघून गेलेली असणार. आत्यानं गाल उचलला नाही.

"घाई काय आहे?" ती म्हणाली. "थांबू जरा."

मी तिच्या खुर्चीच्या मागे गेले, पाठीच्या दांडीला धरलं, आणि माझ्या जागेवर उभी राहिले.